शेष आणि बाकी : खाद्य-उताऱ्याच्या परिभाषेचा एक विचार

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्द संस्कृत असावा की देशी, ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. शब्द कोठून आला हे पाहिले जाते. त्या शब्दाने वाक्यात कर्ता कोणाला केले, हे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात पशुपैदासशास्त्रातील एका कल्पनेची ह्या दुसऱ्या दृष्टीने तपासणी करावयाची आहे. जनावराने खाल्लेल्या खाद्याचे वाढीत होणारे रूपांतर आणि त्या रूपांतरातील आनुवंशिक भाग, ही ती कल्पना होय. तिच्यासंबंधीचे फार सूक्ष्म संशोधन डुकरांवर झाले आहे. तिचा रोकडा उपयोग मात्र आपल्या अगदी जवळ, कर्जत व खालापूर तालुक्यांत करारपद्धतीने चालणाऱ्या मांसल कोंबड्यांच्या शेडमध्ये, पाहावयास मिळतो. भाषेच्या अभ्यासकाने ह्या क्षेत्रात पाऊल का टाकावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की येथे एका संख्येवरून माणसाची मजुरी ठरते आणि त्या संख्येचा अर्थ शब्दांनी ठरतो.

प्रथम आपल्या भाषेत आधीच काय आहे ते पाहू. ‘खाल्लेले अंगी लागणे’ हा प्रयोग मराठी घरांत सर्वपरिचित आहे. त्याची व्याकरणिक रचना लक्षात घेण्यासारखी आहे. येथे खाणारा कर्ता नाही. लागते ते अन्न, आणि लागते ते अंगाला. एखाद्या मुलाच्या अंगी खाल्लेले लागत नाही असे आई म्हणते, तेव्हा ती मुलाला दोष देत नाही. कारण पोटात जंत असेल, दूध पातळ असेल, हवा मानवत नसेल, ह्या साऱ्या शक्यता त्या वाक्यात उघड्या राहतात. ‘कार्यक्षम’ ह्या शब्दाने ही मोकळीक नाहीशी होते. कार्य करण्यास जो क्षम आहे तो कार्यक्षम. म्हणजे गुण कोणाच्या तरी ठायी वसलेला आहे हे शब्दाने आधीच गृहीत धरले. ‘कार्यक्षम पक्षी’, ‘कार्यक्षम डुक्कर’ असे आपण लिहितो तेव्हा जे तिघांमधले नाते आहे, म्हणजे वंश, खाद्य व स्थळ ह्यांमधले, ते एकाच्या अंगचा गुण होऊन बसते.

दुसरा देशी शब्द ‘उतारा’. भात कांडल्यावर तांदूळ किती निघाला, ऊस गाळल्यावर साखर किती निघाली, ह्याला आपण उतारा म्हणतो. हा शब्द गिरणीत व कारखान्यात झिजून गुळगुळीत झालेला आहे, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह आहे. साखरेच्या उताऱ्याशी उसाचा दर बांधलेला असल्यामुळे उतारा नेमका कोणाचा, उसाच्या जातीचा, तोडणीच्या वेळेचा की कारखान्याच्या यंत्रांचा, हा तंटा महाराष्ट्राला नवा नाही. असा शब्द हाताशी असता ‘खाद्य रूपांतर गुणोत्तर’ हा तीन डब्यांचा प्रयोग पाठ्यपुस्तकांत आला, आणि शेडमध्ये त्याला बाजूस सारून ‘एफसीआर’ ही इंग्रजी अक्षरे मराठी झाली. ‘एफसीआर किती बसला?’ हा प्रश्न आज ह्या पट्ट्यातील कोणत्याही पालकाला दुर्बोध वाटत नाही. ‘बसणे’ हे क्रियापद मात्र पूर्णपणे आपले आहे. खर्च बसतो, फटका बसतो, तसा एफसीआरही बसतो. बोलणाऱ्याने स्वतःला कर्तेपणातून किती सहज सोडवून घेतले आहे, हे लक्षात यावे.

उतारा व एफसीआर ह्यांत एक भेद आहे, तो नजरेआड करून चालणार नाही. उतारा म्हणजे निघालेले भागिले घातलेले. एफसीआर म्हणजे घातलेले भागिले निघालेले. एक किलो वजनासाठी १.६ किलो खाद्य लागले तर एफसीआर १.६, आणि उताऱ्याच्या भाषेत तेच ६२.५ टक्के. म्हणून येथे संख्या कमी झाली की आनंद मानावयाचा असतो. नवशिक्याची गफलत प्रथम येथेच होते. (जाता जाता एक सूचना: ६२ टक्के उतारा ऐकून कोणी थक्क होऊ नये. खाद्य जवळजवळ कोरडे असते आणि जिवंत पक्ष्याच्या वजनात सुमारे दोनतृतीयांश पाणी असते. तुलना असमान वस्तूंची आहे.)

आता गुणोत्तराचा दोष. एक डुक्कर दिवसाला २ किलो खाऊन ८०० ग्रॅम वाढते, दुसरे २.५ किलो खाऊन १ किलो वाढते. दोघांचे गुणोत्तर २.५ च. पहिले मितभोजी व सावकाश, दुसरे खादाड व वेगवान. ही दोन भिन्न प्रकृतींची जनावरे एका संख्येखाली एकरूप होतात. भाषाशास्त्रात ज्याला आपण समरूपता म्हणतो, म्हणजे उच्चार एक व अर्थ दोन, तसाच हा प्रकार आहे. अशा गुणोत्तरावर निवड केली तर सुधारणा अंशस्थानी होईल की छेदस्थानी, हे पैदासकाराच्या हाती राहत नाही. डेन्मार्कमध्ये १९०७ पासून डुकरांच्या संततीच्या चाचण्या पद्धतशीर सुरू झाल्या आणि खाद्याची नोंद ही त्यांतील एक मुख्य नोंद होती. परंतु गुणोत्तराची ही संदिग्धता दूर करण्याचा मार्ग पुष्कळ नंतर सापडला.

तो मार्ग १९६३ मध्ये कॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोमांसासाठी पाळावयाच्या जनावरांच्या संदर्भात सुचविला. जनावराचे वजन व वाढ पाहून त्याला किती खाद्य लागावयास हवे ह्याचा प्रथम हिशेब करावा. डुकरांच्या बाबतीत त्यात पाठीवरील चरबीची जाडीही धरतात. मग प्रत्यक्ष खाल्लेल्या खाद्यातून हा अपेक्षित आकडा वजा करावा. जे उरते ते ‘रेसिड्युअल फीड इन्टेक’. मराठीत ‘शेष खाद्यग्रहण’ असे म्हणता येईल. शेष ऋण असेल तर जनावर अपेक्षेपेक्षा कमी खाऊन तेवढेच वाढले. वरील दोन डुकरांना ही रीत लावली तर त्यांचे वेगळेपण पुन्हा दिसू लागते.

अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात २००१ पासून यॉर्कशायर डुकरांवर ह्याच शेषासाठी निवड करण्यात आली. फ्रान्समध्येही लार्ज व्हाइट डुकरांचे असे दोन विरुद्ध वंश पिढ्यान्‌पिढ्या वेगळे वाढविले गेले. आयोवातील चार पिढ्यांनंतरचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडलेल्या वंशाचे खाद्य नियंत्रण-वंशापेक्षा दिवसाला १६५ ग्रॅमने कमी झाले होते. यश लहान नव्हे. परंतु त्याच वंशाची वाढही दिवसाला ३३ ग्रॅमने घटली होती. ज्या राशीची व्याख्याच ‘वाढीचा हिशेब वजा करून उरलेले’ अशी आहे, तिच्यावर निवड केली असता वाढ का घटावी? ह्याचे कारण असे की वजाबाकी दिसणाऱ्या गुणांवर केलेली होती. आड असलेले आनुवंशिक संबंध तिने तुटत नाहीत. केनेडी व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे गणिताने दाखवून ठेवले होते. तात्पर्य, शेष हा शुद्ध गुण नव्हे. आपण कोणकोणत्या गोष्टी वजा केल्या ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. शेषात जनावराची हालचाल आहे, उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा आहे, पचनातील फरक आहे, आणि मोजमापाची चूकही आहे. पुढे ह्या वंशांना कमी ऊर्जेचा, तंतुमय आहार देऊन पाहिले तेव्हा दोन वंशांतील अंतर कमी झाले. म्हणजे ज्या खाद्यावर निवड झाली त्या खाद्याची आठवणही शेषात मुरलेली होती.

येथे आणखी एका शब्दाचा समाचार घेणे भाग आहे. आयोवाच्या त्याच अभ्यासात शेषाची ‘हेरिटॅबिलिटी’ सुमारे ०.२९ निघाली. आपल्या लेखनात हिला व ‘हेरेडिटी’ला पुष्कळदा ‘आनुवंशिकता’ हा एकच शब्द वापरतात. त्यामुळे विद्यार्थी असे समजतो की प्रत्येक जनावराच्या गुणातील २९ टक्के आई-बापांकडून आले व उरलेले इतरांकडून. हे साफ चूक आहे. ०.२९ ही त्या विशिष्ट कळपातील, त्या विशिष्ट परिस्थितीतील जनावरांमध्ये जे भेद दिसतात त्यांच्या विचरणाची वाटणी होय. कळप बदला, परिस्थिती बदला, ती वाटणी बदलेल. ‘आनुवंशिकता’ हे वस्तुस्थितीचे नाव आहे, तर ही राशी भेदांच्या हिशेबाचे नाव आहे. तिला ‘अनुवंशप्रमाण’ म्हणावे असे मला वाटते; शब्दात ‘प्रमाण’ आले की निदान ‘कशाचे प्रमाण?’ हा प्रश्न तरी उद्भवतो.

अनुवंशप्रमाणाचा एक व्यावहारिक उपयोग पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावा. एखाद्या डुकराने अपेक्षेपेक्षा दिवसाला १०० ग्रॅम कमी खाल्ले, आणि पैदासकाराजवळ त्याच्या स्वतःच्या नोंदीवाचून दुसरे काही नाही, तर तो त्या डुकराच्या वंशमूल्याच्या खात्यावर १०० ग्रॅम जमा करीत नाही. २९ ग्रॅम जमा करतो. उरलेले ७१ ग्रॅम कोणाच्याच नावावर पडत नाहीत. शास्त्राचा हा संयम मला ह्या सर्व प्रकरणात अत्यंत मोलाचा वाटतो.

डुकरांकडून कोंबड्यांकडे येऊ. मांसल कोंबड्यांतील आनुवंशिक सुधारणेचे परिमाण किती मोठे आहे, हे दाखविणारा प्रयोग अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात झाला व २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५७ च्या काळातील, निवड न करता राखून ठेवलेला एक वंश आणि २००१ मधील एक व्यापारी वाण अशा दोहोंना जुने व नवे अशी दोन्ही प्रकारची खाद्ये देऊन पाहिले. नव्या वाणाने नव्या खाद्यावर १८१५ ग्रॅम वजन ३२ दिवसांत गाठले, एफसीआर १.४७. जुन्या वंशाला जुन्या खाद्यावर तेवढ्याच वजनाला १०१ दिवस लागले असते, एफसीआर ४.४२. वाढीतील फरकाचा ८५ ते ९० टक्के भाग निवडीमुळे व बाकीचा पोषणामुळे, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला.

हा ८५ ते ९० टक्क्यांचा भाग कर्जतच्या शेडमध्ये तयार होत नाही. मूळ शुद्ध वंश मोजक्या पैदास-कंपन्यांच्या ताब्यात असतात. त्यांच्या संकराची साखळी तीन पिढ्या खाली उतरत येते व शेवटी एक दिवसाचे पिल्लू पालकाच्या दारात येते. व्यापारात ह्या पिढ्यांना ‘ग्रँडपेरेंट’, ‘पेरेंट’ म्हणतात. आजी-आजोबा असे कोणी म्हणत नाही, आणि ते ठीकच आहे; ज्या नात्यातील माणसे कधी घरी येत नाहीत त्यांना नात्याचे नाव कशाला? भाताची स्थिती ह्याच गावात अगदी वेगळी आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाहूनही जुने आहे. तेथून बाहेर पडलेल्या वाणांना ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी गावाचीच नावे आहेत, आणि शेतकरी त्यांचे बी राखू शकतो. ‘सह्याद्री’ ह्या संकरित भाताचे बी मात्र राखून चालत नाही, हेही तो जाणतो. निवड म्हणजे काय, वाण म्हणजे काय, हे ह्या भागाला शिकवावे लागत नाही. शेडमधील गादीला अंथरलेला तूस भाताचा असतो, परंतु त्याच्यावर वाढणाऱ्या पक्ष्याचा अनुवंश कोठे व कशासाठी निवडला गेला हे भाताच्या वाणाइतके डोळ्यांसमोर घडलेले नसते.

करारपद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, गादी व श्रम पालकाचे. बॅच उचलली गेल्यावर किलोमागे संगोपनाचा दर ठरतो, आणि तो ठरविताना एफसीआर व मरतूक ह्यांची तुलना प्रमाणित आकड्याशी केली जाते. खाद्यावर एकूण उत्पादनखर्चाचा साठ ते सत्तर टक्के भाग जात असल्यामुळे हे समजण्यासारखे आहे. येथवर तक्रारीचे कारण नाही. परंतु ह्या तुलनेची रचना आपण आत्ताच पाहिलेल्या शेषाच्या रचनेहून वेगळी नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रमाणित आकडा म्हणजे ‘अपेक्षित’, पालकाचा आकडा म्हणजे ‘प्रत्यक्ष’, आणि मधले अंतर म्हणजे शेष. एकाच वाणाची पिल्ले सर्वांना दिलेली असल्यामुळे आनुवंशिक सुधारणेचा प्रचंड भाग अपेक्षित आकड्यात विरघळून जातो. तो कोणाच्याच मजुरीत दिसत नाही. उरलेल्या शेषाला नाव दिले जाते ‘व्यवस्थापन’.

हे नाव बरोबर आहे काय? त्या शेषात पालकाचे रात्रीचे जागणे आहे, गादी वेळेवर हलविणे आहे, सांडणारे खाद्य वाचविणे आहे, हे कोणीही नाकारणार नाही. पण त्याच शेषात पिल्लाचे पहिल्या दिवसाचे वजन आहे, ते कोणत्या वयाच्या मादीच्या अंड्यातून निघाले हे आहे, पोत्यातील खाद्य किती दिवसांचे हे आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशी कोंडणारी हवा आहे. वेगाने वाढणारा पक्षी शरीरात उष्णताही अधिक निर्माण करतो. बाहेरची हवा तापली की ती उष्णता टाकता येत नाही, आणि मग तो खाणे कमी करतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या ह्या भागात ओली गादी व तिच्यातून उठणारा अमोनिया हे दुसरे टोक. ह्यांतील कित्येक गोष्टी पालकाच्या हातच्या नाहीत. ‘व्यवस्थापन’ हा शब्द त्या सर्वांना त्याच्या हातच्या ठरवितो.

मराठीत ‘बाकी’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वजाबाकी केल्यावर उरते ती बाकी, आणि देणे राहते तीही बाकी. पैदासकार पहिल्या अर्थाने बाकी काढतो आणि तिचा २९ टक्के भागच कोणाच्या तरी नावावर लिहितो. करारातील हिशेबात पहिल्या अर्थाची बाकी अखंडपणे, शंभर टक्के, दुसऱ्या अर्थाची बाकी होते. हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर केला असे मला म्हणावयाचे नाही. अज्ञाताला नाव देण्याची घाई त्यामागे आहे, आणि ही घाई आपणही, म्हणजे भाषेचे व समाजशास्त्रांचे अभ्यासक, रोजच करीत असतो.

गुणोत्तराच्या अंशात काय घालावयाचे हा प्रश्न गावठी कोंबडीपाशी आणखी अवघड होतो. ठाकरवाडीतील कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, सांडलेले दाणे व किडे वेचते. तिचे खाद्य कोणी तोललेले नाही. तिचा एफसीआर वाईट आहे असे म्हणणे म्हणजे न तोललेल्या वस्तूचा भागाकार करणे होय. गोव्यातील ‘आगोंद गोवन’ ह्या डुकराचेही तसेच. कर्नाळच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. घरच्या खरकट्यावर व परसातल्या चऱ्यावर टिकून राहणे हा त्याचा गुण. तोललेल्या पेंडीवर त्याची परीक्षा घेतली तर ते नापास होईल, आणि ती परीक्षा दुसऱ्याच विषयाची असेल. अशा जनावरांच्या तुलनेत ‘सुधारित’ हे विशेषण वापरताना ‘कशावर सुधारित?’ असे विचारावयास हवे. मराठीत हे विशेषण अधिकरणाशिवाय वापरण्याची आपल्याला सवय लागली आहे.

ह्या कल्पनेची माणसांवर एकदा चाचणी होऊन गेली आहे, आणि ती पुण्यात. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ ह्यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याची मोजणी करताना दरडोई दररोज २२५० उष्मांकांची रेषा धरली. सातारा जिल्ह्यात जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे ह्यांनी त्यावर असे म्हटले की एकाच निरोगी माणसाचे सेवन दिवसेंदिवस कमी-जास्त होते, शरीर मर्यादेत राहून ऊर्जेचा वापर जुळवून घेते, म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानता येत नाही. दांडेकरांनी १९८० नंतरच्या वर्षांत ह्यावर कठोर आक्षेप घेतले. सेवनातील चढउतार दिसतो. त्याला कार्यक्षमतेतील चढउतार म्हणावयाचे का, हा माझ्या वाचनाप्रमाणे त्या वादाचा गाभा होय. सुखात्मे ह्यांच्या विचारातील संख्याशास्त्रीय सूक्ष्मता मान्य करूनही मला दांडेकरांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. कर्जत तालुक्यातील कातकरी व ठाकर वाड्यांत बालकांचे कुपोषण हा अपरिचित विषय नाही. कमी खाऊन जगलेल्या मुलाच्या हिशेबात जो शेष निघतो त्याला ‘कार्यक्षमता’ म्हणणे आणि ‘उपासमार’ म्हणणे, ह्यांत गणित बदलत नाही. मुलाला शिधा मिळणार की नाही हे बदलते.

परिभाषेकडे परत येतो. ‘एफसीआर’ आता घालविता येणार नाही, आणि घालवूही नये. तथापि विवेचनात ‘खाद्य-उतारा’ हा शब्द उलट गुणोत्तरासाठी वापरला तर विद्यार्थ्याला गिरणीतील उताऱ्याचा तंटाही आपोआप आठवेल. ‘कार्यक्षमता’ हा शब्द एकट्या जनावराचे विशेषण म्हणून न वापरता ‘अमुक खाद्यावर, अमुक हवेत’ अशा अधिकरणासह वापरावा. ‘शेष’ हा शब्द शेषच ठेवावा. त्याला ‘गुण’, ‘व्यवस्थापन’ वा ‘कौशल्य’ असे उपनाव लावण्यापूर्वी त्यातील किती भाग त्या नावाचा, हे मोजलेले असावे. ते मोजणे अशक्य नाही. पालकाच्या हाती बॅचअखेर जो हिशेबाचा कागद येतो, त्यावर पिल्लांचे पहिल्या दिवसाचे सरासरी वजन, खाद्याच्या पोत्यांची उत्पादन-तारीख आणि शेडमधील दुपारचे रोजचे तापमान ह्या तीन नोंदी एफसीआरच्या शेजारच्या रकान्यांत घातल्या, तर कर्जत व खालापूर तालुक्यांतील दोन-तीन वर्षांच्या बॅचेसवरून ‘व्यवस्थापन’ ह्या मथळ्याखालच्या आकड्यांपैकी कोणते खरोखर पालकाचे, हे संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थीही काढून देऊ शकेल.